घरातील वीजबिल वाचावे कसे आणि चूक दुरुस्त करून घ्यावी कशी?

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाजार समितीत माल विकला की आपण काटापट्टी पाहतो. हमाली किती, तोलाई किती, आडत किती कापली, हे विचारल्याशिवाय हिशेबपट्टी खिशात घालत नाही. दूध संस्थेत घातलेल्या दुधाची फॅट दोन पॉइंटांनी कमी लागली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी विचारणा करतो. पण घरात वीजबिल आले की बहुतेक जण दोनच गोष्टी पाहतात: भरायची रक्कम आणि शेवटची तारीख. मधले सारे आकडे न वाचताच राहतात.

महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज योजना लागू झाली. घरगुती वीज मात्र या योजनेत येत नाही. तिचे पैसे आपल्याच खिशातून जातात. म्हणून आज पंपाच्या नव्हे, घराच्या बिलाविषयी बोलू.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मोठे आलेले प्रत्येक बिल चुकीचे नसते, तसेच छापून आलेले प्रत्येक बिल बरोबरही नसते. बरोबर की चूक हे ठरते ते फक्त मीटरच्या रीडिंगवरून. ज्याच्याकडे दर महिन्याचे रीडिंग लिहिलेले आहे त्याची तक्रार टिकते. ज्याच्याकडे ते नाही त्याला "बिल फार आले हो" एवढेच म्हणता येते आणि तेवढ्यावर कोणतेही कार्यालय बिल कमी करीत नाही.

बिलावर काय काय असते?

बिल हातात आल्यावर प्रथम ग्राहक क्रमांक, नाव आणि मीटर क्रमांक पाहावा. बिलावरील मीटर क्रमांक भिंतीवरील मीटरशी जुळतो का, हे वर्षातून एकदा तरी तपासावे. आपल्याकडे वाडा एक, भाऊ तीन आणि मीटर एकाच फळीवर, असे अनेक ठिकाणी असते. अशा जागी एकाचे रीडिंग दुसऱ्याच्या बिलावर चढते आणि भावकीत विनाकारण गैरसमज होतात.

त्यानंतर चालू रीडिंग आणि मागील रीडिंग पाहावे. चालूमधून मागील वजा केले की वापरलेले युनिट मिळतात. त्यापुढे गुणक अवयव असतो. साध्या घरगुती मीटरला तो १ असतो. तो १ पेक्षा जास्त छापला असेल तर लगेच विचारणा करावी. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असेल तर तोही पाहावा. फोटोतील आकडा आणि बिलातील चालू रीडिंग एकच आहे ना, हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

मीटरची स्थिती हा रकानाही महत्त्वाचा आहे. ती 'नॉर्मल' असेल तर बिल प्रत्यक्ष वाचनावर आधारलेले आहे. मीटर नादुरुस्त, घर बंद किंवा रीडिंग मिळाले नाही असा शेरा असेल तर बिल सरासरीने म्हणजे अंदाजाने काढलेले आहे, असे समजावे.

आता रकमेकडे वळू. स्थिर आकार हा जोडणी असल्याबद्दलचा आकार आहे. वीज न वापरताही तो द्यावा लागतो. वीज आकार आणि वहन आकार हे युनिटवर लागतात. इंधन समायोजन आकार वीजखरेदीच्या खर्चातील चढउतारानुसार कमीजास्त होतो. या आकारांवर घरगुती ग्राहकांना १६ टक्के वीज शुल्क लागते. ते राज्य शासनाकडे जाते. शेवटी थकबाकी, व्याज आणि समायोजित रक्कम हे रकाने असतात. मागच्या महिन्याचे बिल भरूनही थकबाकी दिसत असेल तर पावती काढून तारीख पाहावी. बिल छापून झाल्यावर भरणा झाला असेल तर ती रक्कम पुढच्या बिलात वजा होते. पुढच्या बिलातही ती वजा झाली नाही तर मात्र तक्रार करावी.

कधी कधी सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल येते. पुष्कळांना ती चूक वाटते, पण ती चूक नसते. वर्षातील सरासरी वापर वाढला की ठेवीची रक्कमही वाढते. ही ठेव आपलीच असते आणि तिच्यावर व्याज जमा होते. ते व्याज बिलात जमा झाले का, एवढे मात्र पाहावे.

युनिट म्हणजे किती वीज?

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज लागते. नऊ वॅटचा एलईडी दिवा सुमारे १११ तास जळला तर एक युनिट होतो. ७५ वॅटचा जुना पंखा सुमारे १३ तासांत एक युनिट घेतो. पाणी तापवण्याचा एक हजार वॅटचा रॉड तेवढीच वीज तासाभरात संपवतो.

एका मध्यम शेतकरी कुटुंबाचा हिशेब मांडू. तीन पंखे रोज आठ तास चालले तर १.८ युनिट. सहा एलईडी दिवे पाच तास, ०.२७ युनिट. ८० वॅटचा दूरदर्शन संच चार तास, ०.३२ युनिट. फ्रिजला दिवसाला धरा १.२ युनिट. अर्ध्या अश्वशक्तीची पाण्याची मोटर अर्धा तास, सुमारे पाव युनिट. बेरीज होते ३.८४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ११५ युनिट. असा हिशेब प्रत्येकाने आपल्या घराचा एकदा करून ठेवावा. मग बिलात २५० युनिट दिसले तर नवीन काही उपकरण आले की रीडिंग चुकले, याचा विचार आपोआप सुरू होतो.

टप्प्यांचा दर आणि साठलेले युनिट

घरगुती विजेचा दर सरसकट एक नसतो. पहिल्या १०० युनिटला सर्वांत कमी दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त आणि ३०० च्या पुढे आणखी जास्त, असे टप्पे असतात. प्रत्यक्ष दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि ते वेळोवेळी बदलतात. चालू दर बिलाच्या मागे किंवा कार्यालयात पाहावेत. येथे हिशेब समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ: पहिल्या १०० युनिटला ५ रुपये, पुढच्या २०० ला १० रुपये आणि त्यापुढे १५ रुपये.

समजा, एका घरात महिन्याला ९० युनिट लागतात. चार महिने रीडिंग घेतले गेले नाही आणि नंतर एकदम ३६० युनिट नोंदले गेले. ते एकाच महिन्याचे धरले तर १०० चे ५००, २०० चे २,००० आणि ६० चे ९००, मिळून ३,४०० रुपये होतात. खरे पाहता तो ग्राहक कोणत्याही महिन्यात १०० च्या वर गेलेलाच नाही. चार महिन्यांत विभागून हिशेब केला तर ३६० गुणिले ५, म्हणजे १,८०० रुपये होतात. फरक १,६०० रुपयांचा. त्यावर १६ टक्के शुल्क धरले की १,८५६ रुपये. वीज तेवढीच वापरली, फक्त हिशेब चुकला.

म्हणून अनेक महिन्यांचे एकत्र बिल आले तर तीन गोष्टी तपासाव्यात. किती महिन्यांचा कालावधी धरला आहे? युनिट तेवढ्या महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ दिला आहे का? आणि मधल्या काळात सरासरीने भरलेली रक्कम वजा केली आहे का?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे राज्यात मीटरवाचन थांबले होते. मधली बिले सरासरीने निघाली आणि ती सरासरी हिवाळ्यातील कमी वापराची होती. जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंगनुसार उन्हाळ्याच्या महिन्यांचा सारा फरक एकदम बिलात आला. गावोगावी एकच ओरड झाली. युनिट महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ दिला असल्याचे महावितरणने त्या वेळी सांगितले. ज्याच्या वहीत मार्चचे रीडिंग लिहिलेले होते, त्याला हे स्वतः पडताळून पाहता येत होते. बाकीच्यांना सांगतील ते ऐकण्यावाचून मार्ग नव्हता.

मीटरची वही

यासाठी खर्च काहीच नाही. शंभर पानी वही मीटरजवळ दोरीने बांधून ठेवावी. दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला तारीख, रीडिंग आणि मागच्या वेळेपासूनचे युनिट लिहावेत. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडे द्यावे. त्यांचे गणितही पक्के होते. मोबाइल असेल तर त्याच दिवशी मीटरचा फोटो काढावा. फोटोत मीटर क्रमांक आणि आकडा दोन्ही दिसले पाहिजेत.

आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, दाब, कमाल मागणी असे अनेक आकडे पाळीपाळीने येतात. त्यांतील ज्या आकड्यापुढे के.डब्ल्यू.एच. ही इंग्रजी अक्षरे असतील तेच रीडिंग. दशांश चिन्हानंतरचे आकडे सोडून द्यावेत.

वाचनातली एका आकड्याची चूक किती महाग पडते ते पाहा. मागील रीडिंग ४३६२ आणि चालू ४४७१ असेल तर वापर १०९ युनिट होतो. तेच ४७७१ असे नोंदले गेले तर वापर ४०९ युनिट होतो. एका आकड्याने ३०० युनिट वाढले आणि बिल वरच्या दराच्या टप्प्यात गेले. वही असेल तर ही चूक त्याच दिवशी सापडते.

नादुरुस्त मीटर बदलला जातो तेव्हा जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग आणि नव्याचे सुरुवातीचे रीडिंग वहीत लिहून घ्यावे. मीटर बदलल्याच्या अहवालाची प्रत मागावी. मीटर बदलल्यानंतरचे पहिले बिल बारकाईने तपासावे.

मीटर जोरात पळतो का?

रीडिंग बरोबर आहे, पण वापर पटत नाही, अशा वेळी घरच्या घरी दोन चाचण्या करता येतात.

पहिली चाचणी: घरातील सर्व बटणे बंद करावीत, चार्जर, फ्रिज आणि टीव्हीच्या पिनाही काढाव्यात, मेन स्विच मात्र चालू ठेवावा. मीटरवरील लाल दिवा काही मिनिटे लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये गळती असण्याची शक्यता असते. ओल आलेल्या मातीच्या भिंतीत जुनी वायर असेल तर असे घडते. ही गळती वीज खातेच, शिवाय जिवाला धोका असतो. ताबडतोब जाणकार वायरमनला दाखवावे. मेन स्विच बंद करूनही दिवा लुकलुकत असेल तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कोणी वायर जोडली आहे का, किंवा मीटरमध्येच बिघाड आहे का, याची तपासणी कार्यालयाकडून करून घ्यावी.

दुसरी चाचणी: मीटरवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल तर एक हजार वॅटचा एकटा रॉड पाण्यात बुडवून चालू केल्यावर मिनिटाला सुमारे ५३ वेळा दिवा लुकलुकेल. दाब २३० व्होल्टच्या आसपास असतानाच हा आकडा बरोबर येतो. दाब कमी असेल तर लुकलुक कमी होते. चांगल्या दाबात ती ७०-८० भरली तर मीटरच्या अधिकृत तपासणीची मागणी करावी. चाचणी चालू असताना रॉडच्या पाण्यात हात घालू नये.

मीटरचे सील कोणत्याही परिस्थितीत तोडू नये, तुटले असेल तर लेखी कळवावे. सील तुटलेले आढळल्यास वीजचोरीच्या कलमाखाली कारवाई होऊ शकते आणि खरी तक्रारही बाजूला पडते.

तक्रार कशी करावी?

पहिली पायरी म्हणजे नोंद. १९१२ या क्रमांकावर, महावितरणच्या ॲपवर किंवा कार्यालयात तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. तोंडी बोलण्यावर थांबू नये. रीडिंग घ्यायला येणाऱ्या मुलाशी वाद घालून उपयोग नाही. बिल दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला नसतो.

दुसरी पायरी म्हणजे उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज. अर्ज लहान असावा, राग नको, आकडे हवेत. नमुना असा:

"माझा घरगुती ग्राहक क्रमांक अमुक. अमुक महिन्याच्या बिलात चालू रीडिंग ४७७१ दाखविले आहे. त्याच तारखेस मीटरवर ४४७१ रीडिंग होते. फोटो व मागील सहा महिन्यांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. बिल दुरुस्त करून द्यावे आणि तोपर्यंत वीजपुरवठा खंडित करू नये, ही विनंती."

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. ही पोच मिळाल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी असते.

कायदा काय सांगतो?

विद्युत कायदा २००३ आणि केंद्र शासनाचे २०२० चे वीजग्राहक हक्क नियम यांतील काही तरतुदी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात.

१. अंदाजाने बिल देण्याला मर्यादा आहे. एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त बिले अशी काढू नयेत, असे नियम सांगतात. रीडिंग घेतले जात नसेल तर ग्राहक स्वतः मीटरचा फोटो पाठवू शकतो.

२. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केल्यास, २०२४ च्या दुरुस्तीनुसार, कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवून किमान तीन महिने वापर तपासायचा आहे.

३. मीटर सदोष असल्याचे तपासणीत ठरले तर, महाराष्ट्राच्या २०२१ च्या पुरवठा संहितेनुसार, बिलाची दुरुस्ती जास्तीत जास्त मागील तीन महिन्यांपुरती होते. बंद पडलेल्या मीटरसाठीही सरासरीने आकारणी तीनच महिन्यांपुरती करता येते. दोन वर्षांपासून मीटर बंद होता म्हणून दोन वर्षांची आकारणी आली तर हा नियम दाखवावा. तपासणी अहवालाची प्रत मागावी.

४. वीज तोडण्यापूर्वी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरावी. वाद मिटेपर्यंत मग वीज तोडता येत नाही. हे कलम ५६. त्याचा अर्थ नीट घ्यावा: बिल चुकीचे आहे म्हणून काहीच न भरता बसणे हा मार्ग नव्हे. तसे केल्यास थकबाकी व व्याज वाढते आणि बरोबर असलेला माणूस थकबाकीदार ठरतो.

५. कोणतीही रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर या कलमाखाली वसूल करता येत नाही; मात्र ती थकबाकी म्हणून बिलात सतत दाखवलेली नसावी. जुन्या काळातील चूक नंतर सापडल्यास कंपनी वाढीव मागणी करू शकते, पण मुदतीनंतर त्यासाठी वीज तोडण्याचा उपाय वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

कार्यालयाने दाद दिली नाही तर

ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच त्यासाठीच आहे. गाऱ्हाण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे अर्ज करावा लागतो. वकील देण्याची सक्ती नाही, आपले म्हणणे आपण स्वतः मांडू शकतो. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे आहेत.

एक प्रकार मात्र मंचाच्या कक्षेत येत नाही, तो म्हणजे विजेचा अनधिकृत वापर आणि वीजचोरी. घरगुती मीटरवरून दळणाची चक्की चालवणे किंवा शेतीपंपाच्या लाइनवर घर चालवणे, यांवर कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. अशी आकारणी आली तर ती तात्पुरती असते. तिच्यावर मुदतीत लेखी हरकत घ्यावी. त्याहून चांगले म्हणजे जोडधंदा सुरू करण्यापूर्वीच कार्यालयात विचारून योग्य जोडणी घ्यावी.

आणखी एक सावधगिरी. "बिल भरले नाही, आज रात्री वीज तोडली जाईल, या क्रमांकावर फोन करा" असे संदेश खासगी मोबाइल क्रमांकांवरून येतात. हे फसवणूक करणारे लोक असतात. फोन करू नये, ॲप उतरवून घेऊ नये. शंका आली तर १९१२ वर विचारावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या एक तारखेला मीटरसमोर उभे राहून पहिले रीडिंग वहीत लिहावे. पुढचे बिल आले की त्याच्याशी ताडून पाहावे. जुळले तर बिल वेळेवर भरावे. जुळले नाही तर आकड्यांसह अर्ज करावा, पोच घ्यावी आणि मुदत चुकवू नये. ज्या गावात दहा घरांनी अशी वही ठेवली, त्या गावातील चुकीची बिले ग्रामसभेत आकड्यांनिशी मांडता येतील आणि कार्यालयालाही त्यांची दखल घ्यावी लागेल.